‘आवाज उठवा’ म्हणणाऱ्या मैत्रिणींना

आठ मार्चचा मेळावा होता. शेवगाव-पाथर्डीकडून बायका टेम्पो भरभरून आल्या होत्या. मांडवात उकडत होतं, पण घोषणांना जोर होता. माझी पाळी आली. मी माइक हातात घेतला आणि ‘मैत्रिणींनो’ म्हणायला गेले. ‘मै’ तेवढा बाहेर पडला, पुढचं सगळं गळ्यात अडकलं. कुणी आतून नरडं आवळावं तसा आवाज तुटत, पिळवटत येऊ लागला. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. आमच्याच एका कार्यकर्तीने, अगदी मायेने, माझ्या हातातला माइक काढून घेतला. म्हणाली, “राहू दे गं, तू आज आराम कर. आवाज कसा मागपर्यंत पोचला पाहिजे.” आणि तिने घोषणा दिली, “आवाज दो!” साऱ्याजणी उत्तरल्या, “हम एक हैं!”

त्या ‘एक’मध्ये मी होते की नव्हते, हा प्रश्न घेऊन मी घरी आले. हा लेख त्या प्रश्नातून लिहिते आहे. कागदावर माझा आवाज अडकत नाही, म्हणून कागदावर. कुणाची दया मागायला मी बसलेली नाही. हे भांडण आहे. परक्यांशी जेवढं आहे, त्याहून जास्त घरातल्यांशी, म्हणजे तुमच्याशी आहे.

हा आजार आहे तरी काय?

आजाराचं नाव स्पास्मोडिक डिस्फोनिया. नाव अवघड आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे. आपण बोलतो तेव्हा स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू जवळ येतात आणि फुप्फुसातून येणाऱ्या हवेने थरथरतात. त्यांना हलवणारे छोटे छोटे स्नायू असतात. या आजारात बोलताना त्या स्नायूंना आपोआप पेटके येतात. बहुतेकींच्या बाबतीत स्वरतंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि आवाज दाबलेला, चिरका, तुटक येतो. काहींच्या बाबतीत ते भलत्या वेळी उघडतात आणि शब्दातला आवाज जाऊन नुसती हवा उरते. बिघाड घशात नसतो. मेंदूकडून स्नायूंना जो हुकूम जातो, त्यात तो असतो. काही कारकुनांची बोटं लिहितानाच आखडतात, एरवी सगळी कामं नीट करतात. त्याच जातीचा हा आजार आहे.

तो पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो. म्हणजे बाई घरात, कामावर, गटात जरा बोलू लागण्याचं जे वय, नेमकं त्याच वयात.

या आजाराची एक खोड आहे आणि तीच आमच्या मुळावर येते. बोलताना अडकणारा आवाज हसताना मोकळा येऊ शकतो. कुजबुजताना, गाताना, रडतानाही पुष्कळदा मोकळा येतो. फोनवर बोलायचं म्हटलं की मात्र हटकून बिघडतो. शेवगावकडची एक अंगणवाडी मदतनीस मला म्हणाली, “ताई, भजनात माझा गळा सुटतो. घरी आत्याबाईंना ‘जेवायला वाढू का’ विचारायचं म्हटलं की कुणी तरी आतून धरतंय. मग मालक म्हणतात, देवापुढं बरी गाती, घरच्यापुढंच नाटकं.”

तिला देवऋषाकडे नेलं. लिंबू उतरवलं, मिरच्यांची धुरी दिली. आवाज आला नाही, खोकला तेवढा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, मिरचीची धुरी देणं हा आपल्या राज्यात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर तो कायदा आला. पण गुन्हा नोंदवायला बाईने पोलीस ठाण्यात जाऊन बोलावं लागतं. हिचा तर आवाजच गेलेला!

‘मनावर घेऊ नका’

देवऋषाला नावं ठेवणं सोपं आहे. शिकलेले काय करतात ते पाहू.

माझा आवाज माझ्या तेहतिसाव्या वर्षी अडकू लागला. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलेली, समुपदेशन हे माझं काम, म्हणजे बोलणं हेच हत्यार. आजाराचं नाव कळायला तीन वर्षं लागली. पहिल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, “सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.” दुसऱ्यांनी विचारलं, “लग्न झालंय का? मूलबाळ?” तिसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. गंमत अशी, की पहिले डॉक्टर खोटं बोलत नव्हते. नुसता श्वास घेताना पाहिलं तर स्वरतंतू निरोगीच दिसतात. नाकातून दुर्बीण घालून, बाईला वाक्यं बोलायला लावून पाहिलं, तर पेटका दिसतो. म्हणजे तपासायला बाईला बोलू द्यावं लागतं आणि ती काय म्हणते ते नीट ऐकावं लागतं. एवढी सवड नसली की ‘टेन्शन’ हा शब्द हाताशी असतोच.

हा शब्द आजचा नाही. लुडविग ट्राउबे नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८७१मध्ये हा आजार वर्णन केला, तो ‘मज्जातंतूंचा घोगरेपणा’ म्हणून. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं तो हिस्टेरियाच्या खात्यात राहिला. हिस्टेरिया हा शब्दच मुळी गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला आहे. म्हणजे आवाज घशातून गेला आणि दोष गर्भाशयाच्या नावाने लागला! १९७६मध्ये अमेरिकेतल्या हर्बर्ट डेडो यांनी स्वरयंत्राकडे जाणारी एका बाजूची नस कापून दाखवली आणि आवाज मोकळा झाला. पुढे पुष्कळ रुग्णांचा त्रास परतला, पण मुद्दा सिद्ध झाला. नस कापल्याने जो बदलतो, तो बाईच्या स्वभावाचा दोष नव्हे. १९८४मध्ये न्यूयॉर्कमध्ये अँड्र्यू ब्लिट्झर यांनी स्वरयंत्राच्या स्नायूत बोट्युलिनम नावाच्या द्रव्याचं इंजेक्शन देऊन पाहिलं. आजही हाच मुख्य उपाय आहे.

लोक विचारतात, “पण ताणाने वाढतो ना? मग मानसिकच.” ताणाने वाढतोच. ताणाने रक्तदाब वाढतो, कंपवात असलेल्याचा हातही जास्त थरथरतो. म्हणून कंपवाताला कुणी नाटक म्हणत नाही. बाईच्या आवाजालाच वेगळा न्याय का? आणि समजा, एखादीचा आवाज खरोखरच मनाच्या दुखण्याने गेला. तसंही होतं. मग तिला उपचार कमी लागतात का? ‘मानसिक’ हा शब्द दार बंद करायला वापरायचा नसतो, दार उघडायला वापरायचा असतो.

आता माझी चूक

इथवर मी दुसऱ्यांना बोलले. आता स्वतःचं सांगते.

मला हा आजार होण्याच्या आधी आमच्या केंद्रात एक बाई आली होती. नवरा मारत होता. ती अडकत, पिळवटत बोलत होती, एका वाक्याला दोन मिनिटं लागत होती. बाहेर बाकावर सात बायका बसलेल्या. मी तिची वाक्यं स्वतःच पुरी करत गेले. आणि केसपेपरवर लिहिलं : ‘मानसिक ताणामुळे आवाज जातो.’ कुठल्या डॉक्टरांना विचारलं नाही. मला तसं वाटलं म्हणून लिहिलं.

दोन वर्षांनी नवऱ्याने सोडचिठ्ठीची भाषा सुरू केली. गावच्या बैठकीत सांगितलं, “हिच्या डोक्यात बिघाड आहे. बायांच्या केंद्रातसुद्धा तसं लिहिलंय.” हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३मध्ये मनोविकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. तो विकार किती आणि कसा असावा, याच्या अटी कायद्यात आहेत. पण गावच्या बैठकीत अटी कोण वाचतो? तिथे माझी एक ओळ पुरली. पोटगीचं नाव न काढता ती माहेरी गेली. तिचा आजार काय होता हे मला आजही सांगता येणार नाही, कारण मी तो शोधलाच नाही. माझा स्वतःचा आवाज अडकला, त्या दिवशी मला तिचं ते दोन मिनिटांचं वाक्य आठवलं. त्यातलं शेवटचं मी ऐकलं नव्हतं, मीच जोडलं होतं.

म्हणून म्हणते, आपल्या हातातलं पेनसुद्धा मारतं.

ओरडली नाही म्हणून

आपल्या चळवळीला हे समजायला अवघड जाऊ नये. आपला जन्मच या प्रश्नातून झाला. १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरेवर बलात्कार झाला. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. तिने आरडाओरडा केला हे तिचं म्हणणं खोटं ठरवलं आणि अंगावर जखमा नाहीत यावरून संमतीचा अर्थ काढला. १९७९मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, १९८०मध्ये देशभर बायका रस्त्यावर आल्या, १९८३मध्ये कायदा बदलला. नुसता शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हे २०१३च्या दुरुस्तीने कायद्यात लिहिलं गेलं. एवढं लिहून घ्यायला ४० वर्षं लागली.

म्हणजे बाईचा आवाज ऐकू आला नाही याचा अर्थ तिला काही म्हणायचं नव्हतं असा होत नाही, हे आपणच देशाला शिकवलं. आणि आपल्याच मांडवात? जिचा आवाज मोठा तिला माइक, जिचा पोचत नाही तिने सतरंज्या उचलायच्या. गटाची सचिव निवडताना ‘बोलकी पाहिजे’. शिबिरात ‘लाजू नका, मोकळं बोला’. जिला बोलता येत नाही ती लाजते, घाबरते, अजून ‘घडलेली’ नाही, असंच आपण धरून चालतो. त्या मदतनीस बाईचं बचत गटातलं सचिवपद असंच गेलं. हिशोब तिचा चोख होता. वही आजही गुपचूप तीच लिहिते, सही दुसरीची असते.

आपल्या जिल्ह्याने तर वेगळा धडा दिलेला आहे. १९७०पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या, कित्येक निरक्षर, बायकांना आरोग्य सेविका म्हणून उभं केलं. ज्यांना घरात बोलायची मुभा नव्हती, त्या गावाला शहाणपण सांगू लागल्या. त्या बायकांचा गळा कसा आहे, हे कुणी आधी तपासलं नव्हतं. त्यांना काय कळतं आणि काय कळू शकेल, ते पाहिलं होतं.

दारूबंदीचंच पाहा. उभी बाटली आडवी होते ती गुप्त मतदानाने. तिथे माझा शिक्का आणि मोर्चात सर्वांत मोठ्याने ओरडणारीचा शिक्का सारखाच मोजला जातो. सभेतही तसं का होऊ नये?

पुरुषांच्या बाबतीत जग फार उदार असतं. अमेरिकेचे रॉबर्ट केनेडी (धाकटे) यांना हाच आजार आहे. त्या पिळवटलेल्या आवाजात त्यांनी निवडणुकीच्या सभा केल्या आणि फेब्रुवारी २०२५मध्ये ते आरोग्यमंत्री झाले. त्यांची मतं मला मुळीच पटत नाहीत, पण त्यांचा माइक कुणी मायेने काढून घेतला नाही. तिकडच्याच डायेन रीम या रेडिओवर मुलाखती घेणाऱ्या बाई. त्यांना १९९८मध्ये या आजाराचं निदान झालं. उपचार घेत घेत २०१६च्या अखेरीपर्यंत त्यांनी रोजचा कार्यक्रम चालवला. रेडिओ म्हणजे नुसता आवाज! ऐकणाऱ्यांनी त्या आवाजाची सवय करून घेतली. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या कानांना सवय होऊ शकते. प्रश्न सवय करून घ्यायची इच्छा आहे की नाही, एवढाच आहे.

सरकारकडे काय मागायचं?

१९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं. त्यात वाचेचा समावेश नव्हता. २०१६च्या कायद्यात २१ प्रकार आले आणि ‘वाचा व भाषा दोष’ आत आला. शारीरिक किंवा मज्जासंस्थेच्या कारणाने वाचेवर परिणाम करणारं कायमचं अपंगत्व, अशी त्याची व्याख्या आहे. वाचून मला वाटलं, सुटलो! मग कलम ३४ वाचलं. सरकारी नोकरीत चार टक्के राखीव जागा. अंधांना, बहिऱ्यांना, हातापायाने अपंग असलेल्यांना, बौद्धिक आणि मानसिक अपंगत्व असलेल्यांना त्यात वाटा आहे. नुसता वाचादोष असलेल्यांचं त्यात नाव नाही. यादीत नाव लागलं, पंगतीत पान मांडलं नाही.

त्याच कायद्यात कलम २० आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर ढकलता येत नाही. चांगलं आहे. पण अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा यांना सरकार कर्मचारी म्हणत नाही, मानधनी म्हणतं. आवाज वापरून वापरून ज्यांची कामं चालतात, त्याच बायका या छत्रीच्या बाहेर. प्रमाणपत्राला ४० टक्क्यांची अट आहे आणि हा आजार रोज एकसारखा नसतो. इंजेक्शननंतर महिनाभराने तपासलं तर बाई ठणठणीत, चौथ्या महिन्यात तपासलं तर शब्द फुटत नाही. एका दिवसाच्या तपासणीवर टक्का ठरवणं म्हणजे ओढ्याला पूर आला असताना गावाला पाण्याची टंचाई नाही असं लिहिणं. दुष्काळी तालुक्यातल्या बायकांना हे जास्त सांगायला नको.

आणि इंजेक्शन म्हणजे तरी काय? मानेतून सुई घालून अगदी थोडं औषध स्वरयंत्राच्या स्नायूत सोडतात. पहिले काही दिवस आवाज हवेसारखा येतो, पाणी पिताना ठसका लागतो. मग दोन-तीन महिने बरे जातात. मग पुन्हा पहिलं पाढे पंचावन्न. आजार कायमचा जात नाही, इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. हे करणारे डॉक्टर मोजके, पुण्या-मुंबईचे. आपला जिल्हा १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अहमदनगरचं अहिल्यानगर २०२४मध्ये झालं, पण अकोल्याच्या डोंगरातल्या किंवा जामखेडच्या टोकाच्या बाईचा रस्ता तेवढाच लांब राहिला. दर तीन-चार महिन्यांनी खाडा, एस.टी.चं भाडं, इंजेक्शनचे पैसे, सोबतीला कुणी तरी. नवऱ्याच्या गुडघ्याला पैसे निघतात, बायकोच्या आवाजाला निघत नाहीत. ‘गप्प बसली तर बरंच की,’ हे मी कानांनी ऐकलेलं आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात बोलताना स्वरयंत्र तपासायची दुर्बीण आणि वाचोपचारतज्ज्ञ हवा. इंजेक्शनचा खर्च सरकारी योजनेतून व्हावा. कलम ३४मध्ये वाचादोषाला वाटा मिळावा. आणि मानधनी बायकांना कलम २०चं संरक्षण मिळावं.

आणि आपल्याकडे?

सरकार देईल तेव्हा देईल. आपण उद्यापासून करू शकतो ते सांगते.

एक : आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर बाईला घसा तपासायला पाठवा. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका घरोघर आहेत, त्यात कर्करोगही निघू शकतो. ‘टेन्शन’ लिहिण्याआधी डॉक्टरांचा कागद मागा.

दोन : नवऱ्याने गळा दाबला आणि त्यानंतर आवाज बसला, तर ते धोक्याचं लक्षण आहे, बाहेर वळ दिसो न दिसो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या आणि कागदावर नोंद करून घ्या.

तीन : पोलीस ठाण्यात, कोर्टात बाईला बोलता येत नसेल तर तिला लिहून किंवा खुणांनी साक्ष देता येते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ११९मध्ये हे होतं. १ जुलै २०२४पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२५मध्ये आहे. हे वकिलालाही सांगावं लागलं तर सांगा.

चार : फोनवरच सगळी मदत ठेवू नका. १८१ लावायचा तरी बोलावं लागतं. केंद्राचा एखादा नंबर असा हवा, जिथे लिहून निरोप पाठवता येईल आणि त्याला उत्तर मिळेल.

पाच : तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. दोन मिनिटं लागली तर लागू द्या. बाकावरच्या सात बायका थांबतील. बायकांना थांबायची सवय आहे, ऐकून घेतलं जायची नाही.

येत्या आठ मार्चला मी पुन्हा नाव देणार आहे. भाषण पाच मिनिटांचं असलं तर मला पंधरा लागतील. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचणार नाही. मागच्या रांगेतल्या बायांनी पुढे सरकून बसावं. माइक काढून घ्यायला यायचं असेल, तर त्या मैत्रिणीने यावं, पण शेजारी उभं राहायला. घोषणा तिनेच द्यावी. ‘हम एक हैं’ म्हणायला मी असेन, माझ्या आवाजात.